‘समजलं का?’ असे मुलाला विचारू नये

वाचकांचे प्रश्न, बॅरिस्टरची उत्तरे

(मुलांवर चालणाऱ्या फौजदारी खटल्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखिका इंग्लंडमध्ये बचाव पक्षाच्या बॅरिस्टर म्हणून काम करतात. उत्तरांतील कायदा इंग्लंड आणि वेल्स यांचा आहे. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे. प्रसंगांतील ओळखीच्या खुणा बदललेल्या आहेत.)

प्रश्न : मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘बॅरिस्टर’ हा शब्द आपल्याकडे थोरामोठ्यांच्या नावाआधी वाचला आहे, पण मुलाच्या खटल्यात बॅरिस्टर नेमके काय करतो आणि सॉलिसिटर काय करतो, हे स्पष्ट होत नाही. तो केसांचा टोप घालूनच आपण मुलाशी बोलता का?

उत्तर : टोपाचे आधी सांगते. यूथ कोर्टात, म्हणजे १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या न्यायालयात, टोप आणि झगा दोन्ही नसतात. तिथे मूल पिंजऱ्यात उभे राहत नाही. ते आपल्या आईवडिलांजवळ आणि वकिलाजवळ बसते, न्यायासनावरची मंडळी त्याला नावाने हाक मारतात आणि प्रेक्षकांना आत प्रवेश नसतो. वार्ताहर येऊ शकतात, पण १९३३ च्या बालक व तरुण व्यक्ती कायद्याच्या ४९व्या कलमामुळे त्यांना मुलाची ओळख पटेल असे काही छापता येत नाही. गंभीर गुन्ह्यांचे खटले मात्र ज्यूरीसमोर, क्राउन कोर्टात चालतात. तिथे आरोपी लहान असेल तर न्यायाधीश सहसा सर्वांनाच टोप आणि झगा उतरवायला सांगतात.

आता कामाची वाटणी. अटक झाल्यावर पोलीस ठाण्यात धावून जातो तो सॉलिसिटर. कागदपत्रे, साक्षीदार, कुटुंबाशी संपर्क हे सगळे त्याच्याकडे असते. खटला उभा राहिला की तो बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद आणि सूचना, पाठवतो आणि न्यायालयात बोलणे, उलटतपासणी घेणे, शिक्षेच्या सुनावणीत मुलाची बाजू मांडणे हे बॅरिस्टरचे काम होते. प्रत्येक बॅरिस्टर लंडनच्या चार ‘इन’ संस्थांपैकी एकीचा सदस्य असावा लागतो, डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये प्रवेश घेतला ती ग्रेज इन त्यांपैकीच एक. यूथ कोर्टात सॉलिसिटर स्वतःही युक्तिवाद करतात, त्यामुळे ही वाटणी कागदावर दिसते तितकी काटेकोर राहत नाही.

या व्यवसायातली एक जुनी खोड इथे सांगितली पाहिजे. सर्वांत नवख्या बॅरिस्टरला यूथ कोर्टात पाठवायचे, तिथे त्याचा हात बसला की मग ‘खऱ्या’ खटल्यांकडे वळवायचे, अशी पद्धत अनेक वर्षे चालत आली. मीही तशीच गेले होते आणि माझ्या पहिल्या काही अशिलांना माझ्या शिकण्याची किंमत मोजावी लागली असावी, असे मला आजही वाटते. बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाने २०१७ मध्ये मुलांच्या खटल्यांसाठी लागणाऱ्या क्षमतांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली आणि पुढे अशी कामे घेणाऱ्यांनी तसे जाहीर करणे बंधनकारक झाले. मला विचाराल तर हे फार उशिरा झाले.

प्रश्न : आम्ही गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये आहोत. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेरच्या मारामारीवरून पोलीस ठाण्यात नेले. मी तिथे गेले, तर वकिलाने मलाच खोलीबाहेर थांबायला सांगितले आणि नंतर मुलाने काय सांगितले हेही सांगितले नाही. आईपासून लपवण्यासारखे काय असते?

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो, आणि त्या वकिलाने दोन मिनिटे काढून तुम्हाला कारण सांगायला हवे होते. पण त्याने जे केले ते बरोबर केले.

अठरा वर्षांखालील मुलाची पोलीस ठाण्यात चौकशी करायची तर त्याच्यासोबत एक प्रौढ व्यक्ती असावीच लागते. कायद्याच्या भाषेत तिला ‘अप्रोप्रिएट अ‍ॅडल्ट’ म्हणतात. बहुतेक वेळा ती आई किंवा वडील असते. (सतरा वर्षांच्या मुलांना हे संरक्षण २०१३ च्या एका निकालानंतर मिळाले; तोवर पोलीस ठाण्यात त्यांना मोठ्यांसारखेच वागवले जात असे.) या व्यक्तीने चौकशी न्याय्य रीतीने चालते आहे ना, मुलाला प्रश्न कळतो आहे ना, हे पाहायचे असते. मात्र एक मोठी त्रुटी पालकांना कोणी सांगत नाही. मूल आणि वकील यांच्यातले बोलणे गोपनीय असते, ते कोणत्याही न्यायालयाला उघड करायला लावता येत नाही. ते गोपनीयतेचे कवच या सोबतच्या प्रौढाला नसते. तुमच्यासमोर मुलाने काही कबूल केले, तर उद्या तुम्हालाच साक्षीदार म्हणून त्याबद्दल विचारले जाऊ शकते. म्हणून पोलिसांच्या आचारसंहितेतच लिहिले आहे की मुलाला सोबतच्या प्रौढाविना, एकट्याने वकिलाशी बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. तुम्हाला बाहेर पाठवले ते तुमच्यावरच ती वेळ येऊ नये म्हणूनही होते.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. माझे अशील तो पंधरा वर्षांचा मुलगा असतो, त्याचे आईवडील नसतात. फी कोणी भरली, खटल्याला रोज कोण येते, कोण रडते, याने त्यात फरक पडत नाही. गुन्हा कबूल करायचा की नाही, साक्षीला उभे राहायचे की नाही, हे निर्णय त्याचे असतात. एका वडिलांनी न्यायालयाच्या बाहेर माझा हात धरून सांगितले होते, “तो कबूल करेल, मी त्याला सांगितले आहे, आम्हाला हे लवकर मिटवायचे आहे.” मुलगा शेजारी उभा राहून बुटाच्या टोकाने फरशी घासत होता. मी त्याला वेगळे घेऊन बसले, तेव्हा कळले की तो त्या ठिकाणी नव्हताच. पण कुठे होता हे घरी कळले असते तर त्याला न्यायालयापेक्षा वडिलांची जास्त भीती होती.

पोलीस ठाण्यातला कायदेशीर सल्ला फुकट असतो, घरचे उत्पन्न काहीही असो. तो नाकारू नये, आणि ‘सगळं खरं सांगून टाक म्हणजे सोडतील’ असे वकील येण्याआधी मुलाला सांगू नये, ही माझी सर्वच मराठी पालकांना विनंती आहे. गप्प राहण्याचा हक्क मुलालाही असतो. मात्र १९९४ च्या कायद्यानुसार चौकशीत न सांगितलेली गोष्ट पुढे बचाव म्हणून सांगितली, तर त्यावरून ज्यूरी किंवा दंडाधिकारी प्रतिकूल तर्क काढू शकतात. म्हणजे बोलणेही धोक्याचे आणि न बोलणेही धोक्याचे. कोणता धोका कमी, हे कागद पाहून ठरवावे लागते आणि ते काम मध्यरात्री, जागरणाने डोळे मिटणाऱ्या मुलाला समजावत करावे लागते.

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला शिकवते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला न्यायालयात चाललेले काय कळत असेल, असा प्रश्न पडतो. ते कळावे यासाठी वकील काय करतात?

उत्तर : शिक्षिकेने हा प्रश्न विचारला याचा आनंद आहे, कारण याचे अर्धे उत्तर तुमच्याच वर्गात आहे. ‘समजलं का?’ असे विचारले की सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. न्यायालयातही मूल तेच करते, आणि इथे त्या ‘हो’ची किंमत फार मोठी असते.

माझ्या कामाचा मोठा भाग या ‘हो’च्या मागे काय आहे ते शोधण्यात जातो. जामिनाच्या अटी समजावून झाल्या की मी ‘समजलं का’ विचारत नाही, “आता घरी गेल्यावर आजीने विचारलं, तर तिला काय सांगशील?” असे विचारते. एका तेरा वर्षांच्या मुलाने मला सांगितले, “सात वाजता घरी यायचं आणि त्याच्याशी भांडायचं नाही.” अट अशी होती की त्या दुसऱ्या मुलाशी प्रत्यक्ष किंवा कोणामार्फत, कोणत्याही प्रकारे संपर्क करायचा नाही. त्याच्या हिशेबाने ‘भांडू नको’ एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच संध्याकाळी त्याने त्या मुलाला फोनवरून माफीचा संदेश पाठवला असता आणि अट मोडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी पुन्हा कोठडीत गेला असता.

या विषयाचा इतिहास एका दुःखद खटल्याशी बांधलेला आहे. १९९३ मध्ये दोन वर्षांच्या एका बालकाच्या खुनासाठी दोन मुलांवर प्रेस्टनच्या क्राउन कोर्टात खटला चालला. घटनेच्या वेळी दोघेही दहा वर्षांचे होते, खटल्याच्या वेळी अकरा. त्यांना समोरचे दिसावे म्हणून पिंजऱ्यातली बसण्याची जागा उंच करण्यात आली. हेतू चांगला होता, पण त्यामुळे खचाखच भरलेल्या न्यायालयाच्या नजरा त्यांच्यावरच खिळल्या. डिसेंबर १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की या मुलांना स्वतःच्याच खटल्यात परिणामकारक सहभाग घेता आला नाही, म्हणून तो खटला न्याय्य नव्हता. ते निर्दोष आहेत असे न्यायालयाने म्हटले नव्हते; शेजारी चांगला वकील बसला आहे एवढ्याने मूल खटल्यात सहभागी होते असे होत नाही, असे म्हटले होते. त्यानंतर इथल्या न्यायालयांनी सूचना काढल्या : सुनावणीआधी मुलाला रिकामे न्यायालय दाखवावे, त्याला कुटुंबीयांजवळ बसवावे, मधेमधे विश्रांती द्यावी, भाषा सोपी ठेवावी.

भाषेचा मुद्दा मात्र सूचनेने सुटत नाही, कारण वकिलांची सवय आड येते. सरकारी वकिलाचा नेहमीचा प्रश्न असा असतो : “तू त्याला ढकलण्याआधी तिथे गेला नव्हतास, असं तू म्हणत नाहीस ना?” हे वाक्य कोणी प्रौढाने दोनदा वाचले तरी उत्तर ‘हो’ द्यायचे की ‘नाही’ हे चटकन कळत नाही. त्यात ढकलल्याचे गृहीत धरलेले आहे, दोन नकार आहेत आणि शेवटी ‘ना’ लावून संमती मागितली आहे. मूल ‘हो’ म्हणते, कारण समोरच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘हो’ अपेक्षित दिसते. म्हणून साक्षीआधी न्यायाधीशांसमोर एक स्वतंत्र सुनावणी घेऊन प्रश्नांचे नियम ठरवता येतात : एका प्रश्नात एकच गोष्ट, ‘बरोबर ना?’ असे शेपूट नको, काळाच्या उड्या नकोत. काही वेळा प्रश्न आधी लिहूनच द्यावे लागतात. ज्या मुलाला भाषेची किंवा आकलनाची अडचण आहे त्याच्यासाठी ‘इंटरमीडिअरी’ नेमता येतो. तो मुलाची बाजू घेत नाही. दोन्हीकडचे एकमेकांना कळते आहे ना, एवढेच पाहतो आणि कळत नसेल तर हात वर करतो. आरोपीच्या साक्षीसाठी अशी मदत देणारे कलम २००९ च्या कायद्यात लिहिले गेले, पण ते अमलात मात्र आणले गेले नाही; त्यामुळे न्यायाधीशाला आपल्या अंगभूत अधिकारात ती द्यावी लागते आणि आम्हाला ती दर वेळी मागावी लागते.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलावर खरोखरच खटला चालू शकतो का? हे क्रूर वाटते.

उत्तर : चालू शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हेगारी जबाबदारीचे वय १० आहे. १९६३ पर्यंत ते ८ होते. स्कॉटलंडने ते १२ केले आहे. पूर्वी दहा ते तेरा वर्षांच्या मुलाबाबत कायदा असे धरून चालत असे की आपण करतो ते गंभीर चूक आहे हे त्याला कळत नव्हते, आणि ते कळत होते हे सरकारी पक्षाला सिद्ध करावे लागे. १९९८ च्या गुन्हे व सुव्यवस्था कायद्याने ते गृहीतक रद्द केले, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितले की त्यासोबत तो बचावही संपला. म्हणजे दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मुलावर खटलाच होऊ शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याची समज मोठ्या माणसाइतकीच धरली जाते. प्रत्यक्षात एवढ्या लहान मुलांना बहुतेक वेळा न्यायालयाबाहेरच मार्गी लावले जाते. पण माझे मत विचाराल, तर दहा हे वय चुकीचे आहे आणि ते बदलण्याचे धैर्य कोणत्याच सरकारने दाखवलेले नाही.

प्रश्न : मुलाने गुन्हा केला आहे हे माहीत असूनही तुम्ही त्याला सोडवता. मनाला काही वाटत नाही का?

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक समारंभात कोणीतरी विचारतोच, तेव्हा उत्तरही तोंडपाठ आहे. अशिलाने मला गुन्हा कबूल केला, तर तो निर्दोष आहे असे मी न्यायालयाला सांगू शकत नाही, आणि तो खोटी साक्ष देणार असेल तर त्याला त्यासाठी उभेही करू शकत नाही. सरकारी पक्षाचा पुरावा पुरेसा आहे का, एवढे मात्र तपासून पाहू शकते. हे नियम आहेत आणि ते मोडले तर माझी सनद जाऊ शकते. खटला न आवडल्यामुळे नाकारण्याचीही मला मुभा नाही. रांगेतल्या पुढच्या टॅक्सीने पुढचे गिऱ्हाईक घ्यावे तसा आमचा नियम आहे आणि त्याचे नावच टॅक्सीच्या थांब्यावरून पडले आहे. पण मुलांच्या कामात हा प्रश्न फारसा येतच नाही. बरीच मुले गुन्हा कबूल करतात, आणि मग माझे काम असते ते त्यांचे पुढे काय व्हावे याबद्दल बोलणे.

प्रश्न : वृत्तपत्रात ‘काउंटी लाइन्स’ असा शब्द वाचतो. अमली पदार्थ विकणाऱ्या मुलाला पीडित म्हणणे हा केवळ बचावाचा डाव नाही का?

उत्तर : शहरातल्या टोळ्या लहान गावांत माल विकण्यासाठी मुलांना पाठवतात आणि गिऱ्हाइकांसाठी एक फोन-लाइन चालवतात, म्हणून हे नाव. डाव म्हणण्याआधी कागद कसे दिसतात ते पाहा. चौदा वर्षांचा मुलगा, घरापासून शंभर मैलांवरच्या गावात, अनोळखी माणसाच्या घरात सापडतो. खिशात दोन फोन, त्यांपैकी एक साधा, बटणांचा. रेल्वेचे एकाच बाजूचे तिकीट, तेही कोणीतरी दुसऱ्याने काढलेले. पैसे मोजके, आणि अंगावर पाच दिवसांचे तेच कपडे. शाळेच्या नोंदीत तीन महिन्यांपूर्वीपासून गैरहजेरी आणि आईने पोलिसांत दोनदा दिलेली हरवल्याची तक्रार. सरकारी पक्षाच्या फाइलमध्ये यातले फोन आणि पैसे पहिल्या पानावर असतात. तिकीट आणि हरवल्याची तक्रार शोधून काढावी लागते.

२०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या ४५व्या कलमात अशा मुलांसाठी बचाव आहे. प्रौढाला आपल्यावर सक्ती झाली होती हे दाखवावे लागते; मुलाच्या बाबतीत सक्तीची गरज नाही. त्याचे कृत्य हे शोषणाचा थेट परिणाम होते का, आणि त्याच्या वयाच्या, त्याच्या परिस्थितीतल्या समंजस मुलाने तेच केले असते का, एवढे पाहायचे असते. खून, जबरी चोरी यांसारख्या गंभीर गुन्ह्यांना हा बचाव लागू नाही. शोषण झाले आहे की नाही हे ठरवणारी एक शासकीय यंत्रणाही आहे. पण तिने मुलाला पीडित ठरवले तरी तो निष्कर्ष ज्यूरीपुढे पुरावा म्हणून ठेवता येत नाही, असे कोर्ट ऑफ अपीलने २०२१ मध्ये ठरवले. तेव्हा आम्हाला पुन्हा पहिल्यापासून, तिकिटापासून, सुरुवात करावी लागते.

खरी अडचण तर याहून वेगळी असते. मुलगा स्वतःला पीडित मानतच नाही. ज्याने त्याला बूट घेऊन दिले, ज्याने त्याला ‘भाऊ’ म्हटले, त्याच्याविरुद्ध तो बोलत नाही, आणि बोलला तर बहिणीचे काय होईल हे त्याला माहीत असते. “तसं काही सांगू नका, मी माझ्या मनाने केलं,” असे त्याने मला स्पष्ट सांगितले, तर माझ्यासमोर पेच उभा राहतो. त्याच्या सूचनेविरुद्ध मी बचाव मांडू शकत नाही. मी फक्त पुन्हा जाऊ शकते, आधी बुटांबद्दल, फुटबॉलबद्दल बोलू शकते, आणि हा बचाव काय आहे व तो नाकारला तर काय गमावशील, हे त्याला त्याच्या शब्दांत परत सांगता येईपर्यंत समजावू शकते. त्यानंतरही तो ‘नाही’ म्हणाला, तर ते ‘नाही’ मला मानावेच लागते. अशा दोन खटल्यांत मी ते मानले आहे. डाव म्हणणाऱ्यांनी त्या दोन संध्याकाळी माझ्याबरोबर कोठडीच्या जिन्यावर यायला हवे होते.

प्रश्न : मारामारीत मुलगा नुसता मित्रांबरोबर उभा होता, तरी त्यालाही आरोपी केले. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी कोणाला जबाबदार धरायचे तर त्याने जाणूनबुजून मदत केली किंवा उत्तेजन दिले हे सिद्ध व्हावे लागते. १९८४ मध्ये हाँगकाँगच्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींतली अपिले ऐकणाऱ्या लंडनमधल्या न्यायपीठाने, घेतलेल्या भूमिकेमुळे, साथीदार काय करू शकेल याची कल्पना होती एवढ्यावरूनही लोक खुनासाठी दोषी ठरत गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी खटल्यात तो रस्ता चुकीचा होता असे सांगितले : आधी कल्पना असणे हा हेतूचा पुरावा ठरू शकतो, पण तो स्वतः हेतू नव्हे. तरीही व्यवहारात अडचण राहतेच, कारण मुले घोळक्यानेच फिरतात आणि कॅमेऱ्यात घोळका एकजीव दिसतो. अशा खटल्यात मी चित्रफीत आवाज बंद करून, केवळ माझ्या अशिलाच्या पायांकडे पाहत पुन्हा पुन्हा बघते. पाय पुढे जातात की मागे, हे बऱ्याचदा साक्षीदारांपेक्षा स्पष्ट असते.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलाचा तपास रेंगाळला आणि तो अठरा वर्षांचा झाला, तर काय फरक पडतो?

उत्तर : फार मोठा. न्यायालयातल्या पहिल्या हजेरीआधीच अठरा पूर्ण झाली, तर तो यूथ कोर्टात जातच नाही. मोठ्यांच्या न्यायालयात, उघड्या दाराने, सर्वांसमोर उभा राहतो. अल्पवयीन आरोपी म्हणून नाव न छापण्याचे संरक्षण अठराव्या वाढदिवशी संपते. ‘रेफरल ऑर्डर’चा मार्गही बंद होतो. पहिल्यांदाच आलेल्या आणि गुन्हा कबूल केलेल्या मुलाला ३ ते १२ महिन्यांसाठी दिला जाणारा हा आदेश आहे. त्यात मूल वस्तीतल्या स्वयंसेवकांच्या गटासमोर बसते, काय केले आणि ते कसे भरून काढायचे याचा करार करते, आणि करार पूर्ण झाला की सर्वसाधारण कामांसाठी ती शिक्षा उघड करावी लागत नाही. पण दोषी ठरण्याच्या दिवशी वय अठराखाली असेल तरच तो मिळतो.

शिक्षेपुरता थोडा दिलासा आहे. २००२ च्या एका निकालापासून असे धरले जाते की गुन्ह्याच्या दिवशी जे वय होते, त्या वयाला जी शिक्षा झाली असती तिथून विचार सुरू करावा. सेंटेन्सिंग कौन्सिलच्या २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५ ते १७ वयासाठी ती प्रौढाच्या शिक्षेच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश असू शकते, आणि वयाच्या आकड्यापेक्षा मुलाची समज आणि परिपक्वता महत्त्वाची मानावी असेही त्यात म्हटले आहे. तरीही फोन तपासायला महिनोन्‌महिने लागतात आणि दरम्यान वाढदिवस येऊन जातो. माझ्या वहीत प्रत्येक खटल्याच्या पहिल्या ओळीत अशिलाचे नाव नसते, जन्मतारीख असते. वाढदिवस जवळ असेल, तर सॉलिसिटरने पोलिसांना आणि सरकारी पक्षाला लेखी कळवून तारीख पुढे ओढायला हवी. हे फार साधे काम आहे आणि ते राहून गेलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

प्रश्न : मला पुढे हेच काम करायचे आहे आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी मी इंग्लंडला येणार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : यूथ कोर्ट पाहण्यासाठी सहज आत जाता येणार नाही, त्यासाठी एखाद्या बॅरिस्टरबरोबर काही दिवस फिरण्याची सोय असते, तिला मिनी-प्युपिलेज म्हणतात. त्यासाठी अर्ज लवकर करा. खऱ्या उमेदवारीचे वर्ष, म्हणजे प्युपिलेज, बारा महिन्यांचे असते आणि तिथे जागांपेक्षा अर्जदार कितीतरी जास्त असतात. तोपर्यंत क्राउन कोर्टाची गॅलरी सर्वांना खुली आहे. तिथे जाऊन बसा, आणि युक्तिवादातली भारदस्त वाक्ये उतरवून घेऊ नका. पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला उलटतपासणीतला प्रत्येक प्रश्न किती शब्दांचा होता ते लिहा, आणि उजव्या बाजूला साक्षीदाराने काही सांगितले की तो नुसतेच ‘हो’ म्हणाला, ते.